'डेथ मॅग्नेटिक': गाणी झकास, आवाज भकास?

मंद्रसप्तक
मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या 'सेंट अँगर' या अल्बममध्ये (२००३) गिटारचे सोलोच (एकट्या गिटारचे तुकडे) नव्हते, आणि स्नेअर ड्रम तर रिकामा डबा बडवल्यासारखा वाजायचा. मग रिक रुबिन निर्माता म्हणून आला, सोलो परतले. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला तेव्हा चाहत्यांना आनंदाने उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. पण आवाज इतका दाबून मोठा केलेला की ड्रमचा ठोका पडला की फाटतो! ऑडिओ एडिटरमध्ये एखादं गाणं उघडून बघा. चढउतार जवळजवळ नाहीतच, नुसता जाड पट्टा, वरून-खालून सपाट छाटलेला. हा अल्बम नव्याने मिक्स करून (म्हणजे वाद्यं-गायनाची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं पुन्हा जुळवून) परत काढायलाच हवा, असं माझं ठाम मत. चाहत्यांनी तेव्हा तशी याचिकाही केली होती.

डबलबेस
काढायलाच हवा? का बुवा? अल्बम त्यांचा, कान त्यांचे. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ४,९०,००० प्रती खपल्या आणि पुढच्या ग्रॅमीत रुबिनला वर्षातल्या सर्वोत्तम निर्मात्याचा मान मिळाला. मेटल कानात घुसायलाच हवं.

मंद्रसप्तक
पहिल्या तीन दिवसांत लोक बँडचं नाव बघून विकत घेतात हो, मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) ऐकून नाही. आणि ग्रॅमीचंच म्हणाल तर याच अल्बमच्या वेष्टनालाही ग्रॅमी मिळालंय. शवपेटीच्या आकाराचं छिद्र छान कापलंय, वाद नाही.

फेडरवर_बोट
मी हौसेने मिक्सिंग करतो, म्हणून थोडं तांत्रिक. डिजिटलमध्ये आवाजाला एक कमाल मर्यादा असते, तिच्यावर जाताच येत नाही. तरीही सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठी वाजायला हवी असेल, तर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारं साधन) लावून आवाजाची शिखरं दाबायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं. पहिल्या मिनिटाला भारी वाटतं, अर्ध्या तासात कान शिणतात. हा अल्बम तर सव्वा तासाचा!

मात्र खापर मास्टरिंगवर फोडू नका. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननेच सांगितलं होतं की मिक्स त्याच्याकडे आले तेच छाटलेले होते. म्हणजे नुसतं मास्टरिंग पुन्हा करून काम भागणार नाही. उलट मूळ ध्वनिमुद्रण ठीक होतं याचा पुरावा 'गिटार हिरो ३' या व्हिडिओ गेममध्ये आहे. त्यात हीच गाणी प्रत्येक वाद्याच्या सुट्या ध्वनिमुद्रणांवरून (ट्रॅक) घेतलेली, कमी दाबलेली आहेत. चाहत्यांनी ती काढून घरगुती आवृत्त्या बनवल्या.

डबलबेस
ऐकलीय ती आवृत्ती. ड्रम मोकळे आहेत, मान्य. पण गिटारची दहशतच गेली. शिवाय पुन्हा मिक्स केलं की सुधारतंच असं कुणी सांगितलं? स्टूजेस या रॉक बँडचा 'रॉ पॉवर' (१९७३) घ्या. गायक डेव्हिड बोवीने केलेलं मिक्स किरटं म्हणून लोक कुरकुरत होते. १९९७ मध्ये बँडचा गायक इगी पॉपने स्वतः नवं मिक्स केलं, तेही पार फाटलेलं! मग २०१० मध्ये बोवीचं मिक्स पुन्हा बाजारात.

टेपवाला
उदाहरण सोयीचं निवडलंत. रश या रॉक बँडचा 'व्हेपर ट्रेल्स' (२००२) याच दुखण्याचा होता, २०१३ मध्ये पूर्ण नव्याने मिक्स होऊन आला. सिंबल (ड्रमसोबतच्या झांजा) आणि गिटार वेगवेगळे ऐकू यायला लागले. आणि आता स्ट्रीमिंगवर बहुतेक ठिकाणी सगळी गाणी सारख्या पातळीवर आणून वाजवतात. मोठा आवाज काढून घेतला जातो, छाटलेलं तेवढं उरतं. मग मोठ्या आवाजाची चढाओढ कशासाठी?

डबलबेस
रशची गोष्ट वेगळी, ते खुद्द त्या बँडलाच खुपत होतं. इथे मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिकने आवाजाची बाजू घेतली होती. ज्याची तक्रारच नाही त्याच्या गळ्यात दुरुस्ती कशी मारणार?

मंद्रसप्तक
गळ्यात कुठे मारतोय? जुनी आवृत्ती राहू द्या, शेजारी नवी ठेवा. तुमच्याच 'रॉ पॉवर'ची दोन्ही मिक्स आज मिळतात, तुम्ही कुठलं ऐकता?

डबलबेस
बोवीचं. पण मुद्दा तो नाही.