मदत हवी आहे: सीटीत नवीन काही नाही, तरी दादाचा एमआरआय कशासाठी?

सहा दिवसांपूर्वी दादाच्या मेंदूतला अ‍ॅन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीवर आलेला फुगा, फुटला. दुसऱ्या दिवशी मांडीतून नळी घालून त्या फुग्यात कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) बसवली, निमोडिपिन हे औषध दर चार तासांनी चालू आहे. कालच्या सीटीत नवीन रक्त नाही, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्याही फुगलेल्या नाहीत. पण हाक मारली की डोळे उघडतो आणि लगेच मिटतो. डॉक्टर म्हणतात, डिफ्युजन-परफ्युजनसह एमआरआय करू. सीटीत नाही ते यात काय दिसणार? आत धातू असताना चुंबकात नेणं बरोबर आहे का? मला खूप भीती वाटतेय. कोणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी रेडिओलॉजीत काम करते. अ‍ॅन्युरिझम फुटतो त्या क्षणी कवटीतला दाब एकदम चढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ जवळजवळ थांबतो. त्यातून पहिल्या ७२ तासांत होणाऱ्या इजेला ‘अर्ली ब्रेन इंज्युरी’ म्हणतात. मार बसलेल्या पेशी पाणी शोषून फुगतात, पाण्याची हालचाल अडते. डिफ्युजन नेमकं तेच टिपतं, तो भाग पांढरा दिसतो. मात्र रक्तही पांढरं दिसू शकतं, जुनी सूजही. म्हणून शेजारी एडीसीची, म्हणजे पाण्याची हालचाल किती अडली ते मोजून दाखवणारी, प्रतिमा लावून बघतात. ताज्या इजेचा भाग तिथे काळा दिसतो. परफ्युजन म्हणजे मेंदूत रक्त किती पोचतं ते बघणं. त्यातला एएसएल हा प्रकार असेल तर इंजेक्शनही लागत नाही, रक्तातल्या पाण्यावरच खूण करून प्रवाह मोजतात. चौथ्या ते चौदाव्या दिवसात रक्तवाहिन्या आकसण्याचा धोका असतो, त्यामुळे कुठे रक्त कमी पोचतंय हे आत्ता कळणं मोलाचं आहे. डीटीआयबद्दलही (मेंदूतल्या तंतूंची अवस्था दाखवणारी एमआरआयची पद्धत) वाचायला मिळेल, पण एकट्या रुग्णाचं भवितव्य त्यावरून सांगता येत नाही.

कॉइल सहसा प्लॅटिनमची असते, चुंबक तिला ओढत नाही. तरी शस्त्रक्रियेचा कागद तंत्रज्ञांना दाखवाच. माझ्या मते खरी काळजी हलवण्याची: रक्तदाब स्थिर हवा, सोबत आयसीयूचा माणूस हवा. आणि रिपोर्टमध्ये एकदोन ठिपके आले तर धीर सोडू नका. ते कुठे आहेत, केवढे आहेत हे विचारा. काही ठिकाणची इजा भरूनही येते.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार. डोक्यात पाणी काढायची नळी आहे, दाब मोजायची तारही. त्याचं काय?

प्रतिसाद

ते आधी सांगा! नळी बहुतेकदा चालते, दाबाची तार प्रत्येक चालतेच असं नाही. तिची कंपनी आणि मॉडेल तपासल्याशिवाय आत नेऊ देऊ नका.