मदत हवी आहे: गाऊटवर (युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारी सूज) वनस्पतींचे अर्क, गोळीऐवजी चालतील का?

बाबांचा अंगठा वर्षात तिसऱ्यांदा सुजलाय. या वेळी पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नव्हता. त्याच दिवशी तपासलेलं युरिक अ‍ॅसिड ८.१, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५. डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड कमी करणारं अ‍ॅलोप्युरिनॉल कायमचं दिलं होतं. बाबांनी ते महिनाभर घेतलं, मध्येच पुन्हा सूज आली आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणत सोडून दिलं. आता कुणीतरी अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात: गुळवेल, सेलरीचं बी, आंबट चेरी. डबीवर लिहिलंय ‘झँथीन ऑक्सिडेज रोखते’.

थोडं वाचल्यावर कळलं की हेच एन्झाइम युरिक अ‍ॅसिड तयार करतं आणि अ‍ॅलोप्युरिनॉलही त्यालाच अडवतं. म्हणजे दावा अगदीच हवेतला नाही. पण परीक्षानळीत चालतं ते पोटात गेल्यावरही चालतं का? (डॉक्टरांना विचारणारच आहे, तारीख तीन आठवड्यांनी आहे.)

प्रतिसाद १:
मी औषधशास्त्र शिकवते. क्वेर्सेटिनसारखी वनस्पतींतली द्रव्यं नळीत ते एन्झाइम रोखतात खरी, पण आतड्यातून फार थोडी शोषली जातात. उंदरांवरच्या प्रयोगांतही मेख आहे. उंदरांत युरिकेज (युरिक अ‍ॅसिड मोडणारं एन्झाइम) असतं, माणसात नसतं. म्हणून आधी ते औषधाने बंद पाडतात, मग अर्क देतात. तिथलं यश बाबांच्या रिपोर्टात उतरेलच असं नाही. शिवाय गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. किडनी आधीच कुरकुरतेय, डबी बाजूलाच ठेवा.

वनस्पती म्हणजे फुसकं, असंही समजू नका. गाऊटवरचं कोल्चिसीन १८२० मध्ये कोल्चिकम या वनस्पतीपासूनच वेगळं काढलं. कळलावीच्या कंदातही ते असतं आणि तो कंद खाऊन माणसं दगावली आहेत. गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम मोजून भरलेलं असतं.

प्रतिसाद २:
गोळी सोडली तिथेच घोळ झालाय. सुरुवातीचे काही महिने साठलेले स्फटिक विरघळतात, तेव्हा झटके उलट वाढू शकतात. त्यासाठी सोबत कमी मात्रेत कोल्चिसीन देतात, किडनी बघून. माझ्या भावानेही असंच वैतागून सोडलं होतं. पुन्हा सुरू केलं, मात्रा हळूहळू वाढवली, आता युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली आहे.

धागाकर्ता:
हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! तीन आठवडे थांबत नाही, उद्याच फोन करतो. आणि तो ८.१ आकडा झटक्यातला आहे, तो धरायचा का?

प्रतिसाद १:
झटक्यात तो खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. सूज उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी परत तपासा.