नावं जुळवण्यापेक्षा जहाजं बघा

'स्टार ट्रेक'मधली 'डीप स्पेस नाइन' ही अंतराळ मालिका म्हणजे 'बॅबिलॉन ५' या दुसऱ्या अंतराळ मालिकेची सरळ उचलेगिरी, असा आरोप होतो. संशयाला जागा आहे खरी. 'बॅबिलॉन'चे निर्माते स्ट्रॅझिन्स्की यांनी १९८९ मध्येच आपला आराखडा 'स्टार ट्रेक' बनवणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओला दाखवला होता. 'डीप स्पेस' जानेवारी १९९३ मध्ये आली, 'बॅबिलॉन'चा पायलट, म्हणजे पहिला चाचणी भाग, फेब्रुवारीत. पण दोन्हीकडच्या पात्रांच्या नावांच्या दुकाट-दुखाट, लीटा-लायटा अशा जोड्या लावून फार तर करमणूक होते.

खरा फरक जहाजांत आहे. 'बॅबिलॉन'मधलं स्टारफ्युरी हे लढाऊ जहाज इंजिन बंद करून त्याच वेगानं पुढे जात राहतं, नुसतं नाक मागे वळवतं आणि पाठलाग करणाऱ्यालाच टिपतं. हवाच नाही, तर विमानासारखं कलून वळायचं कशाला? ही जहाजं सुरुवातीला अमिगा संगणकांवर, लाइटवेव्ह या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये बनली. 'डीप स्पेस'वाले तेव्हा मुख्यतः खऱ्या मॉडेलांचं चित्रण करत. लढाईत प्रत्येक जहाज वेगळं टिपायचं, मग एकावर एक थर जुळवायचे. जहाजं वाढली की खर्च आणि वेळ दोन्ही वाढणार. पुढे मोठ्या लढायांसाठी तेही संगणकाकडे वळले आणि त्यातलं काही काम गेलं फाउंडेशन इमेजिंगकडे, म्हणजे 'बॅबिलॉन'ची सुरुवातीची दृश्यं करणाऱ्यांकडेच!

बाकी हाडवैर प्रेक्षकांतच जास्त. 'स्टार ट्रेक'चे जनक रॉडनबेरी यांच्या पत्नी मॅजेल बॅरेट १९९६ मध्ये 'बॅबिलॉन'मध्ये पाहुणी भूमिका करून गेल्या.