मदत हवी आहे: बाबांच्या लिम्फोमा रिपोर्टमधली म्युटेशन्स (जीन्समधले बदल) आमच्यात पण असतील का?

नमस्कार मंडळी, आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. बाबा ६८ वर्षांचे. दोन महिने ताप येत-जात होता, रात्री घामाने बनियन भिजायचं, अंगावर पुरळ, आम्ही व्हायरलच समजत बसलो, मग मानेत आणि काखेत गाठी हाताला लागल्या तेव्हा एक काढून बायॉप्सी केली. निदान आलं अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-सेल लिम्फोमा, म्हणजे टी-पेशी या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर.

काल गाठीचा एनजीएस (जीन्स तपासणारी टेस्ट) रिपोर्ट मिळाला, त्यात बदललेले जीन आणि नमुन्यात त्या जीनच्या किती टक्के प्रतींत बदल सापडला ते असं. टेट२ ३४ टक्के, आरएचओए जी१७व्ही १२ टक्के, आयडीएच२ आर१७२ ११ टक्के. ओपीडीत तुफान गर्दी, डॉक्टर "या आजारात हे दिसतंच" एवढंच बोलले.

रात्रभर वाचून मला समजलं ते असं, चुकत असेन तर सांगा. डीएनएवर मिथाइलचे ठिपके बसतात, अक्षरं तीच राहतात पण जीनच्या सुरुवातीला असे ठिपके दाटले की तो जीन बहुतेक वेळा गप्प होतो. टेट२ ते ठिपके काढायला मदत करतो, तो बिघडला की ते साचतात. आणि बिघडलेला आयडीएच२ जे रसायन बनवतो तेही टेट२ला अडवतं. मग दोन्ही एकाच पेशंटमध्ये कशाला?

पण खरा प्रश्न वेगळाय. ताई सहा महिन्यांची गरोदर आहे, कालपासून एकच विचारतेय, "हे बाबांकडून आपल्यात आलंय का रे?" मला उत्तर देता येईना.

प्रतिसाद:
ताईला आधी सांगा, ही म्युटेशन्स जवळपास नेहमी आयुष्यात नंतर रक्ताच्या पेशींमध्ये झालेली असतात, जन्मतः आलेली नसतात. टेट२चा आकडा जास्त का, तर वय वाढतं तसं ते बऱ्याचदा रक्ताच्या मूळ पेशीतच होतं, त्यामुळे निरोगी पेशींतही सापडतं. आरएचओए आणि आयडीएच२ नंतर, टी-पेशीत. एएमएल या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये टेट२ आणि आयडीएच२ सहसा एकत्र येत नाहीत, तुमच्या बाबांच्या आजारात मात्र येतात. एकट्या गाठीच्या टेस्टवरून शंभर टक्के सांगता येत नाही, शंका राहिलीच तर त्वचेची टेस्ट करता येते का विचारा. अझासायटिडीन हे औषध मिथाइल कमी करतं, आजार उलटला तर काही जणांना देतात, पण पहिली ट्रीटमेंट शक्यतो सीएचओपीसारखी (चार औषधांची) केमोच.

धागाकर्ता:
खूप आभार. ताईला फोनवर वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं. गुरुवारी ओपीडी आहे, त्वचेच्या टेस्टचं आणि केमो कधी सुरू ते विचारून इथेच टाकतो.