कास्तेलोरिझो: एका दिवसात उरकावं की मुक्काम करावा?

निळीशाई

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आई ऱ्होड्सला सहा दिवस आहोत. तिथून कास्तेलोरिझो या छोट्या ग्रीक बेटावर जायचं आईच्या मनात आहे. ती इतिहासाची शिक्षिका होती. महायुद्धात जर्मनांनी तिथलं अख्खं गाव जाळलं, असं तिने कुठेतरी वाचलंय आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. वय ६८, गुडघे कुरकुरतात.

विचारायचं एवढंच, की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का? त्या काळाचं काही दिसतं का, की नुसती रंगीत घरं आणि हॉटेलं? आणि परत येण्याऐवजी समोरच्या तुर्कस्तानातल्या काशला जाऊन एक दिवस काढला तर?

भोपळ्यातलीम्हातारी

आम्ही गेलो होतो. वाळूचा किनारा नाही, दुकानं चार. दोन तासांत बेट संपतं. त्यापेक्षा सिमी बेट करा, जवळ पडेल.

खारावारा

दोन तासांत बेट संपत नाही, धक्का संपतो. असो.

निळीशाई, आधी आईंच्या वाचनात एक दुरुस्ती. त्या शिक्षिका आहेत, रागावणार नाहीत. जर्मनांनी बॉम्ब टाकले हे खरं, गाव जाळलं हे नाही. बेट १९२१ पासून इटलीकडे होतं. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, ब्रिटिश येऊन उतरले आणि पाठोपाठ जर्मन विमानं आली. लोकांना बेटावरून हलवलं, आधी सायप्रसला, मग गाझाजवळच्या निर्वासितांच्या छावणीत. मागे गाव रिकामं. जुलै १९४४ मध्ये इंधनाच्या साठ्याला आग लागली, ती दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि निम्म्याच्या आसपास घरं गेली. तेव्हा तिथे ब्रिटिशच होते. घरं आधी लुटली आणि लूट झाकायला आग लावली, असं बेटावरचे लोक अजून बोलतात. आमच्या घरमालकीणबाईंनी मला हे कपडे वाळत घालता घालता सांगितलं, शेजाऱ्याने काल कुंडी फोडली असं सांगावं तसं.

पण त्यांचा आवाज बदलला तो पुढच्या गोष्टीला. युद्ध संपल्यावर लोक घरी निघाले. २९ सप्टेंबर १९४५ ला पोर्ट सैदहून 'एम्पायर पॅट्रोल' नावाचं जहाज पाचशेच्या आसपास माणसं घेऊन सुटलं आणि समुद्रातच पेटलं. ३३ जण गेले. जे वाचले ते नंतर पोचले, तर पुढ्यात हे असं गाव. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत जाताय, म्हणून तारीख मुद्दाम लिहिली.

आता काय दिसतं ते. धक्क्यावर उभं राहिलात तर काही दिसणार नाही. पिवळी, निळी, गुलाबी घरं, लाकडी सज्जे, पाण्याच्या अगदी कडेला मांडलेली टेबलं. खुर्ची मागे सरकवताना जपा, मी एक चष्मा बंदराला अर्पण करून आलोय. पाण्यात मोठाली कासवं फिरतात, तीही टेबलांकडे डोळा ठेवूनच. पण मागे तिसऱ्या गल्लीत शिरा. एका घराची दगडी चौकट शाबूत आहे, उंबरठा मधोमध झिजलेला. आत छप्पर नाही. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी आहे आणि तिच्यातून अंजिराचं झाड वर आलंय. भिंतीतल्या कोनाड्याची वरची कड काळी पडली आहे. ती १९४४ ची, की नंतर कोणी तिथे चूल मांडली असेल, देव जाणे. पण आमच्या सौ. तिथून हलेनात. अशी जोती ओळीने आहेत. पायऱ्या वर जातात आणि हवेत संपतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या नऊ चौरस किलोमीटरच्या खडकावर दहा हजारांच्या आसपास लोक राहत होते, शिडाच्या जहाजांच्या व्यापारावर. आता पाचशेच्या घरात. सगळा दोष दुसऱ्या महायुद्धाचा नाही बरं का. पहिल्यात फ्रेंचांनी बेट घेतलं, म्हणून समोरून तुर्की तोफा चालल्या. जानेवारी १९१७ मध्ये याच बंदरात 'बेन-माय-क्री' हे ब्रिटिशांचं समुद्री विमानांचं जहाज त्यांनी बुडवलं. मग १९२६ चा भूकंप. लोक आधीपासूनच ऑस्ट्रेलियाची वाट धरत होते. त्यांची नातवंडं आता उन्हाळ्यात येतात, त्यामुळे बेकरीच्या रांगेत पर्थचं इंग्रजी ऐकू येतं. मी मालकीणबाईंना विचारलं, ही जोती कोणी बांधून का काढत नाही? त्या म्हणाल्या, "त्या अंजीरवाल्या घराला सतरा वारस आहेत. निम्मे पर्थला, निम्मे सिडनीला, आणि एकमेकांशी कोणी बोलत नाही."

आईंच्या गुडघ्यांसाठी: बंदर सपाट आहे. बंदराच्या तोंडाशी जुनी मशीद आहे, आता तिथे संग्रहालय आहे. ते जमेल. होराफिया चौकातलं कॉन्स्टंटाइन आणि हेलनचं चर्च थोड्या चढावर आहे, सावकाश गेलात तर तेही. आतले ग्रॅनाइटचे खांब समोरच्या किनाऱ्यावरच्या पातारा इथल्या अपोलोच्या देवळातून आणलेले आहेत, आईंना आवडेल. डोंगरावरच्या सेंट जॉर्जला साधारण चारशे पायऱ्या आहेत, त्या तुम्ही चढा. निळी गुहा बघायची तर बोटीत सपशेल आडवं पडून आत शिरावं लागतं, आणि समुद्र जरा उसळला की बोटवाले नाहीच म्हणतात. आम्हाला दोनदा म्हणाले.

एका दिवसात करू नका. ऱ्होड्सहून कॅटामरानला अडीच तासांच्या आसपास लागतात, मोठ्या फेरीबोटीला जास्त, आणि बोट रोज नसते. आम्ही एका रात्रीसाठी गेलो आणि वाऱ्यामुळे बोट न आल्याने तीन रात्री राहिलो. बोट चुकवणारा वारा पुन्हा भेटला तर मी त्याला कॉफी पाजीन.

दोनदेशएकपासपोर्ट

काशबद्दल. तुर्कस्तानचा किनारा बेटापासून जेमतेम दोन किलोमीटर, रात्री समोरचे दिवे मोजता येतात, म्हणून लोक गाफील राहतात. पण काश शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या, बाहेर आहे. तुमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर काशला गेलात की ग्रीसमध्ये परत येता येणार नाही आणि तुमचं परतीचं विमान ऱ्होड्सला. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा काढावा लागतो तो निराळाच. माझा एक मित्र धक्क्यावरूनच मागे फिरला, तिकिटाचे युरो गेले.

निळीशाई

बापरे, आमचा एकाच प्रवेशाचा आहे. काश रद्द!

खारावारा काका, आईला सगळं वाचून दाखवलं. जर्मनांबद्दलची दुरुस्ती तिने लगेच वहीत टिपून घेतली, आणि "पुस्तकाला पत्र पाठवायला हवं" म्हणाली. दोन रात्रींचं ठरवतोय. तिचा प्रश्न असा: त्या जहाजाबद्दल तिथे कोणाला विचारलेलं चालतं का? आणि खोली धक्क्यावरची घ्यावी का?

खारावारा

आपणहून विचारू नका. चर्चच्या चौकात बाकावर बसा, आईंचं वय बघून कोणीतरी म्हातारी बोलायला येईलच. ती सांगेल. नाही सांगितलं तर नाही. बोटवाले रो नावाच्या बेटावरही नेतात. तिथे देस्पिना आखलादिओती नावाची बाई जवळजवळ एकटी राहायची आणि १९८२ मध्ये वारेपर्यंत रोज ग्रीसचा झेंडा चढवायची. तिच्याबद्दल मात्र बिनधास्त विचारा, तासभर सुटका नाही.

खोली मागच्या गल्लीतली घ्या. धक्क्यावर रात्री एकपर्यंत ताटल्या वाजतात. आमच्या मागच्या खिडकीतून ते अंजीर दिसायचं, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत त्यावर फळं असतात. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, सतरापैकी कोणी बघत नाहीये, तोडा.