मदत हवी आहे: घरी बनवलेल्या गो-कार्टचं इंजिन फार तापतंय

मंडळी, कार्ट तयार झाली, पळतेही झकास, पण इंजिन इतकं तापतं की निवांत चालवायची सोय नाही. जाणकारांनी जरा डोकं घालावं.

इंजिन बाइकचं आहे: १२५ सीसी, फोर स्ट्रोक, एअर कूल्ड, चार गिअर. सीटच्या पाठीमागे बसवलंय आणि मधे पत्र्याची आडभिंत आहे. मागचा अ‍ॅक्सल सलग, डिफरन्शियल नाही, म्हणजे मागची दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतात. मागची चाकं ११ इंची. जागा नव्हती म्हणून सायलेन्सर आखूड केलाय, आणि एअर फिल्टरचा डबा काढून कोनासारखा उघडा फिल्टर लावलाय. कार्ब (कार्बुरेटर) आणि त्यातले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे नोझल) मूळचेच.

सुरुवातीला ओढ उत्तम असते. सलग फिरवत राहिलं की पिकअप मरतो, टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हेडमधून बारीक टकटक येते, आणि बंद करून लगेच किक मारली तर चालूच होत नाही. गार झालं की जणू काही घडलंच नाही. प्लग काढून पाहिला तर टोक पांढुरकं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) गार इंजिनवर फीलर गेजने तपासलेत, ऑइल नवीन आहे, सिलिंडरच्या फिन्समधली (थंड करणाऱ्या पात्यांमधली) माती काढलीये.

माझा अंदाज सांगतो. बाइकच्या चाकाचा घेर साधारण १.८ मीटर. ११ इंची चाकाचा ८८ सेंटिमीटर, म्हणजे निम्म्याहून जरा कमी. स्प्रॉकेट बाइकवरचेच ठेवलेत. त्यामुळे त्याच गिअरात कार्ट ताशी ४० किमीने जाते तेव्हा इंजिन बाइकवर ८० ला फिरेल तितकं फिरत असतं. पण ८० चा वारा आणायचा कुठून? चाळीसचासुद्धा मी आणि तो पत्रा मिळून अडवतो.

तर, पंखा लावावा का? लावला तर हवा ढकलणारा की खेचणारा? ऑइल कूलरने फरक पडेल का? पत्र्याला भोकं पाडली तर? आणि मुळात किती तापमान म्हणजे जास्त? सध्या हात जवळ नेऊन अंदाज घेतोय, त्याला काही मोजमाप म्हणत नाहीत.

प्रतिसाद १
बाकीचं जाणकार सांगतील, पण पत्र्याला भोकं अजिबात पाडू नका. पेट्रोलची नळी सुटली तर आग आणि तुमची पाठ यांच्यामध्ये तेवढा पत्राच आहे.

प्रतिसाद २
घेराचं गणित आवडलं. तरी पंख्याच्या आधी तो पांढुरका प्लग बघा.

उघडा फिल्टर आणि आखूड सायलेन्सर यामुळे इंजिन जास्त हवा ओढतं, पण मेन जेट मात्र जुन्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो. मिश्रण लीन होतं. आत जाणारं पेट्रोल वाफ होताना थोडी उष्णता शोषून घेतं, लीन झाल्यावर तेही कमी पडतं. तुमची टकटक बहुधा डिटोनेशनची (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकण्याची) आहे आणि ती हलक्यात घेऊ नका, पिस्टनचा माथा खाल्ला जातो. ऐकू आली की लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, खालचा गिअर टाकायचा. मेन जेट पायरीपायरीने मोठा करत जा. त्याआधी कार्ब आणि हेडमधल्या रबरी जोडाला तडा नाही ना, हे बघून घ्या. तिथून हवा आत जात असेल तर कितीही जेट बदला, पालथ्या घड्यावर पाणी.

प्लग वाचायचीही रीत आहे. फुल थ्रॉटलवर पळवायचं, त्याच क्षणी क्लच दाबून इग्निशन बंद करायचं, कार्ट घरंगळत थांबली की प्लग काढायचा. आयडलिंगवर परत आणून पाहिलेला प्लग आयडलिंगचीच हकीकत सांगतो. फिकट तपकिरी रंग हवा.

तापमान मोजायला प्लगच्या वॉशरच्या जागी बसणारा थर्मोकपल घ्या. अ‍ॅल्युमिनिअमच्या हेडला तिथे २०० अंशांच्या आसपास चालून जातं. २३० च्या वर सतत राहत असेल तर थांबा.

धागाकर्ता
धन्यवाद. माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, त्याने नाही का भागणार?

प्रतिसाद २
चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमवर तो बराच कमी आकडा दाखवतो. हेडवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या आणि दर वेळी त्यावरच नेम धरा. तुलनेपुरतं चालेल. पण कार्ट थांबवून मोजेपर्यंत आकडा बदललेला असतो, म्हणून थर्मोकपल.

प्रतिसाद ३
हवेबद्दल लिहितो, कारण पंखा लावूनही इंजिन तापतं अशी तक्रार घेऊन येणारे बरेच असतात.

हवा नेहमी सोपी वाट धरते. फिन्सच्या फटी अरुंद, बाजूला सगळं मोकळं, मग ती फटीत शिरेल कशाला? नुसता पंखा समोर टांगला की बहुतेक हवा सिलिंडरला वळसा घालून निघून जाते. स्कूटरच्या इंजिनवर पंख्याबरोबर प्लॅस्टिकचं कवच असतं ते याचसाठी. तेच तुम्हाला पत्र्यात करायचंय. सीटच्या बाजूला, मोकळ्या वाऱ्यात रुंद तोंड ठेवा, तिथून बंदिस्त वाट थेट हेडपर्यंत आणा आणि पत्रा फिन्सच्या कडांना जवळजवळ चिकटवून सिलिंडरच्या मागच्या अंगापर्यंत वळवा. मागची बाजू नेहमी जास्त तापते, कारण हवा तिथपर्यंत पोचायच्या आत सुटून जाते. एअर कूल्ड विमानांच्या इंजिनांवरही असेच पत्रे लावतात. बाहेर पडायचं तोंड आत यायच्या तोंडापेक्षा मोठं ठेवा, तापलेली हवा फुगलेली असते. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, मग पत्र्याला कात्री लावा.

ढकलणारा की खेचणारा, यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. खेचणाऱ्या पंख्याच्या मोटरला सगळी गरम हवा खावी लागते, म्हणून मी ढकलणारा लावेन. कॉम्प्युटरमधला पंखा नको, त्याला फिन्समधून हवा दामटवण्याइतका दाब नसतो. रेडिएटरचा छोटा पंखा बघा. पण १२ व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे ७२ वॉट झाले, आणि छोट्या बाइकचा मॅग्नेटो (वीज तयार करणारा भाग) साधारण दिव्यांच्या हिशेबाने बनवलेला असतो. बॅटरी उतरणार नाही ना, ते आधी तपासा.

प्रतिसाद ४
सगळे हवेच्या मागे लागलेत. इंजिनवर बोजा किती पडतोय हेही बघा की.

मागची बाजू जॅकवर उचला, न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सल हाताने फिरवा. जड जात असेल तर ब्रेक पॅड डिस्कला घासताहेत, बेअरिंग सरळ रेषेत नाहीत किंवा चेन नको तितकी ताणली आहे. दुसरं, सलग अ‍ॅक्सलमुळे वळणावर आतलं चाक घासत जातं. रेसिंग कार्टची फ्रेम लवते आणि पुढच्या चाकांच्या कॅस्टरमुळे (चाक ज्या खुंट्यावर वळतं त्याच्या मागे कललेल्या कोनामुळे) आतलं मागचं चाक किंचित उचललं जातं. चौकोनी पाइपची ताठ फ्रेम लवत नाही, म्हणून प्रत्येक वळणावर इंजिन अक्षरशः रखडतं. मागचा ट्रॅक (दोन चाकांमधलं अंतर) थोडा कमी करून किंवा कॅस्टर वाढवून बघा.

तिसरं ऑइल. बाइक वळणावर झुकते, त्यामुळे ऑइल तळाशीच राहतं. कार्ट झुकत नाही, ऑइल एका कडेला चढतं आणि पंपाचं तोंड क्षणभर उघडं पडू शकतं. लेव्हल कायम वरच्या खुणेला ठेवा आणि सिलिंडरचा कल बाइकवर होता तसाच आहे ना, ते मोजून बघा. ऑइल बाइकचंच, जासो एमए (ओल्या क्लचच्या बाइकसाठीची प्रमाणखूण) लिहिलेलं घ्या. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने ओला (ऑइलमध्येच बुडालेला) क्लच घसरतो आणि ती उष्णता परत त्याच ऑइलमध्ये जाते.

ऑइल कूलर सगळ्यात शेवटी. हेडला हवा नसताना तो लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचा हालहवाल:

मेन जेट मोठा केल्यावर टकटक गेली, प्लग तपकिरी झाला. थर्मोकपल बसवला, तरी आकडा २४० च्या पुढे जात होता. मग प्रतिसाद ३ प्रमाणे पत्र्याची वाट बनवली, पंखा न लावता. आता सरळ रस्त्यावर १९० ते २०० मध्ये राहतं. घट्ट वळणं सलग आली की चढतं, तिथे वेगच नसल्याने वारा नाही. एका बाजूचा ब्रेक पॅड घासत होता, तोही सुटा केला. कॅस्टरला अजून हात लावलेला नाही.

थांबल्यावर लगेच चालू न होण्याचा त्रास मात्र तसाच आहे.

प्रतिसाद ३
थांबलं की वारा बंद, आणि हेडची उष्णता कार्बकडे सरकते. कार्बच्या बाउलमधलं (तळच्या वाटीतलं) पेट्रोल उकळलं की किक मारून पाय दुखेल, दुसरं काही होणार नाही. कार्ब आणि हेडच्या मधे उष्णतारोधक स्पेसर टाका, बाइकवर होता तो बसवताना राहिला नाही ना ते बघा. थांबण्याआधी एक फेरी हळू, वरच्या गिअरात मारा. हेडवर पाणी मात्र ओतू नका, तडा जाईल.

वळणांसाठी आता पंखा लावाच. त्याची वायर इग्निशनवरून न घेता बॅटरीवरून, फ्यूज आणि वेगळा स्विच टाकून घ्या, म्हणजे इंजिन बंद केल्यावरही दोनचार मिनिटं चालवता येईल.