मदत हवी आहे: पशुपालन मोठ्या कंपन्यांकडे गेलं की गावात काय उरतं?
नमस्कार मंडळी. पशुपालन लहान शेतकऱ्यांकडून मोठ्या कंपन्यांकडे गेल्यावर गावाच्या अर्थकारणाचं काय होतं, याचा अभ्यास करतोय. करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात सहसा पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, मजुरी आणि कर्ज शेतकऱ्याचं. उत्पादन वाढतं, हे खरंच. पण खाद्य बाहेरून आलं आणि नफा बाहेर गेला, तर गावातल्या दुकानदाराच्या हाती काय पडतं?

1940 च्या दशकात अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर गोल्डश्मिट यांनी कॅलिफोर्नियातल्या आर्विन आणि डिन्यूबा या गावांची तुलना केली होती. शेती उत्पन्न साधारण सारखं, पण मोठ्या शेतांच्या आर्विनपेक्षा लहान शेतांच्या डिन्यूबात दुकानं, शाळा, संस्था जास्त. (आर्विन तुलनेनं नवं गाव होतं, हा आक्षेपही रास्त आहे.) तरी मला हे फार मोलाचं वाटतं, कारण नुसत्या उत्पादनाच्या आकड्यांत हा फरक दिसतच नाही.

गावातला पैसा गावातच किती फिरतो, हे मोजायची सोपी पद्धत कोणती? आणि दुर्गंधी, खराब होणारं विहिरीचं पाणी, हा खर्च हिशेबात कसा धरायचा? असं सर्वेक्षण कोणी केलं असेल तर लोकांना नेमके कोणते प्रश्न विचारले, तेही कृपया सांगा.